मानाची घडी

अण्णा टिपणिसांना किळस फार. पंगतीत कोणी ताकाचा भुरका मारला की यांच्या अंगावर काटा यायचा. कोणी तोंडात पान ठेवून बोलू लागला की हे दोन पावलं मागे सरायचे. कर्जतच्या बाजारात माशा घोंघावणारी जिलबी बोटं चाटत खाणारा दिसला, तर त्याच्याकडे असे बघायचे की बिचाऱ्याचा घास घशातच अडकावा. आणि अशा माणसाला सरकारने नोकरी कुठली दिली, तर देवी काढायची. दिवसभर शेंबडी पोरं मांडीवर घ्यायची, दंडावर टोचायचं, आठवड्याने पुन्हा येऊन फोड कसा भरलाय ते निरखायचं. गंमत अशी, की त्याची मात्र त्यांना किळस नव्हती. फोड नीट उठलेला दिसला की अण्णा खुलायचे. परसातला पहिला आंबा दाखवावा तसा तो पोराच्या आईला दाखवायचे.

म्हणजे त्यांची किळस घाणीची नव्हतीच. ती माणसांच्या वागण्याची होती. ढोंग, लाळघोटेपणा, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे अडाणी समजुती, यांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' ही त्यांची आवडती म्हण, आणि ती ते जगातल्या प्रत्येकाला लावत. स्वतःला सोडून, हे सांगायला नकोच.

कर्जतपासून खालापूरपर्यंतची गावं त्यांच्याकडे होती. लस मुंबईहून आगगाडीने यायची, काचेच्या बारीक नळ्यांत भरून. वासराच्या अंगावर देवी उठवून ती काढलेली असे, आणि फार नाजूक. ऊन लागलं की मरायची. मेलेली लस दिसायला मात्र जिवंत लशीसारखीच, त्यामुळे टोचताना काही कळत नसे. आठवड्याने दंड कोरा दिसला की कळायचं. ऐन उन्हाळ्यात पायी एवढी गावं उरकायची म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळलेला डबा शेवटच्या गावात पोहोचेपर्यंत फडकं कडकडीत वाळलेलं असायचं.

मागल्या वर्षी हे शेवटचं गाव कुंभिवली होतं. तिथल्या धाकलूने आपला मुलगा पोशा टोचायला आणला होता, तोही फार ओढाताणीनंतर. अंगाला सुई लावली की देवी कोपते, असं गावाचं म्हणणं. धाकलूची आई तर उंबऱ्यात आडवी बसली होती. तेव्हा अण्णांनी बापलेकांना गावाबाहेर माळावर नेलं आणि म्हणाले, "धाकलू, चहूकडे बघ. माणूस नाही, देऊळ नाही. इथे देवी बघायला येणार आहे का? कोण बघतंय? घाल पोराला पुढे."

धाकलूने खरंच चहूकडे बघितलं आणि मग पोराला पुढे घातलं. पोशाचा दंड कोराच राहिला. पावसाळ्याच्या तोंडाशी त्याला देवी आल्या आणि पोर गेलं.

अण्णा भेटायला गेले तेव्हा धाकलू शिव्या देईल अशी त्यांची समजूत होती. तो एवढंच म्हणाला, "देवी कोपली म्हनत्यात समदी."

अण्णांनी खरं होतं ते सांगितलं. देवी कोपली नाही, लस उन्हाने मेली होती. धाकलू मातीत बोटाने रेघा ओढत बसला. त्याला अजून एक लेक होती, ठमी.

"म्हंजी लवकर पोचलात तर ती लस मरनार नाय?"

"नाही मरणार."

"मंग यंदा लवकर या, अन्नासाहेब. ठमीला मी आनतो. तिचा फोड उठला तर बाकीच्यांची पोरं पन येतील. नाय उठला, तर कुंभिवलीत तुमाला कोन पानी बी इचारनार नाय. मी पन नाय."

लवकर पोहोचायचं तर सायकल हवी. पण या मुलुखात नुसती सायकल काय कामाची? खोपोलीपर्यंत आगगाडी, पुढे सडक, मध्येच नदी, आणि नदी ओलांडली की बांधावरची पाऊलवाट. गार्ड डब्यात सायकल घेताना कुरकुर करणार, आणि पाण्यात सायकल चालत नाही. अण्णांना हवी होती ती बाकाखाली सरकवता येईल आणि पाणी लागलं की खांद्यावर घेता येईल अशी. तशी घडीची सायकल विलायतेहून मुंबईत आली आहे, असं कळल्यावर अण्णांना झोप येईना. किंमत कळल्यावर तर मुळीच येईना. शेवटी अंबाबाई आत्याने पेटीच्या तळाशी वर्षानुवर्षं पडून असलेली आपली मोहनमाळ काढून दिली. बालपणी विधवा होऊन माहेरी आलेल्या या आत्यानेच अण्णांना आणि त्यांच्या धाकट्या बहिणीला, सुनीतीला, वाढवलं होतं. तिच्या शब्दाबाहेर घरात कोणी नव्हतं.

मुंबईच्या एका पेढीचा माणूस दोन सायकली घेऊन कर्जत स्टेशनावर उतरला. अण्णा फलाटावर उभे होतेच. दुर्दैवाने त्यांच्याबरोबर त्रिंबकरावही होते. त्रिंबकराव म्हणजे सुनीतीचे यजमान, खालापूरचे वकील, आणि टिपणिसांचे एकुलते एक जावई. जावई हा दहावा ग्रह म्हणतात. बाकीचे नऊ निदान आकाशात तरी असतात. हा ग्रह दोन दिवस सासुरवाडीला येऊन पडला होता, पुरणपोळीवर तुपाची धार कमी पडली म्हणून रुसून झाला होता, आणि आता फलाटावर पिंक टाकत सल्ला द्यायला सज्ज होता.

पेढीवाल्याने पहिली सायकल उघडली. निकेलची, आरशासारखी चकचकीत, बारीक नळ्यांची, उचलायला हलकी. "दोन मळसूत्रं सैल केली साहेब, की पुस्तकासारखी मिटते," तो म्हणाला आणि चावीने मळसूत्रं फिरवून ती मिटवली. दुसरी खाकी रंगाची होती. आफ्रिकेतल्या लढाईवरून परत आलेली म्हणे. रंग ठिकठिकाणी उडालेला, मधोमध जाडजूड बिजागरी, आणि ती आवळायला एकच भलीमोठी खिट्टी, पंखासारखे दोन कान असलेली.

"यात बघायचंय काय?" त्रिंबकराव म्हणाले. बोलताना पानाचा एक लाल थेंब निकेलच्या चाकावर उडाला. तो त्यांनी बोटाने पुसला आणि बोट स्टेशनच्या भिंतीला पुसलं. अण्णा दोन पावलं मागे सरले. "बायसिकल म्हणजे माणसाची पत, अण्णा. त्या खाकीवर बसलात तर लोक म्हणतील, पलटणीतला बबर्ची आला."

अण्णांनी त्यांच्याकडे पाठ केली. पेढीवाल्याला विचारलं, "ही चावी हरवली तर?"

"हरवायची कशाला, साहेब?"

"हरवली तर काय, असं विचारलं मी."

"तर मुंबईला यावं लागेल," पेढीवाला जरा पडेल आवाजात म्हणाला.

मग अण्णांनी जे केलं ते बघायला हमाल गोळा झाले. त्यांनी डोळे मिटले आणि आधी निकेलची, मग खाकी, नुसत्या चाचपडत्या हातांनी उघडून पाहिली. नदीकाठी अंधारून आलं तर डोळे उपयोगी पडणार नव्हते. निकेलचं मळसूत्र हातातून निसटून रुळांकडे घरंगळलं आणि पेढीवाल्याला त्याच्यामागे धावावं लागलं. खाकीची खिट्टी मात्र बिजागरीलाच अडकवलेली होती, कुठे पडायची सोय नाही. मग दोन्ही पाळीपाळीने पाठीवर घेऊन ते फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन आले. निकेलची हलकी खरी, पण तिचं पायडल बरगडीत रुतत होतं आणि तिला एका हाताने धरून ठेवावं लागत होतं. खाकी जड होती. पण तिला पट्टा होता, दोन्ही हात मोकळे राहत होते आणि मोकळ्या हातात लशीचा डबा धरता येत होता. शेवटी खडीवरून दोन्ही हाकून पाहिल्या. निकेलची खुळखुळ्यासारखी वाजली. खाकी गप्प राहिली.

"ही," अण्णा म्हणाले.

त्रिंबकरावांनी पिंक टाकली. "हौस तुमची," ते म्हणाले. "आमचा सल्ला घ्यायचा नव्हता तर आम्हाला उन्हात उभं कशाला केलंत?" त्यांना कोणीही उभं केलं नव्हतं. ते आपण होऊन आले होते. पण रुसायला कारण मिळालं होतं, आणि ते घेऊन ते त्याच दुपारी खालापूरला चालते झाले.

घरी आल्यावर अण्णा क्वचितच आनंदात असत, तसे त्या दिवशी होते. इंदूबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, त्यांनी ओटीवर बोलावलं. इंदूबाईंना सातवा महिना लागला होता, त्या भिंतीला टेकून कौतुकाने बघत होत्या. आत्याही येऊन बसली.

"आणि ही उघडायला फार खटपट?" आत्याने विचारलं.

"छे गं आत्या. हिची घडी मोडायला डोळ्याचं पातं लवतं तेवढाच वेळ." अण्णांनी खिट्टीकडे हात नेला.

"थांब," आत्या म्हणाली. "हात लावू नकोस. घडी मोडणार कोण?"

टिपणिसांच्या घरात नव्या कापडाची घडी ज्याचं त्याने मोडायची नाही, अशी रीत होती. नवं लुगडं आधी दुसऱ्या सवाष्णीने नेसायचं, नवं धोतर आधी मानाच्या माणसाने, आणि मग घरच्यांनी. अण्णांच्या वडिलांनी एकदा नवी शाल कोणाला न देता स्वतःच पांघरली होती, आणि त्या वर्षी ते गेले. शाल पांघरल्यामुळे गेले की हिवतापाने गेले, याबद्दल आत्याच्या मनात शंका नव्हती.

"आत्या, ही सायकल आहे. लुगडं नाही."

"घडीची म्हणालास ना? मग घडी आली, की मान आला."

"पण त्या पेढीवाल्याने स्टेशनात दहा वेळा उघडली. मीही उघडली."

"तेव्हा ती आपली नव्हती. मोल दिलं, उंबरा ओलांडून आत आली, आता आपली झाली. आता जी मोडेल ती पहिली घडी." आत्याने इंदूबाईंच्या पोटाकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "या दिवसांत मला घरात कसलंही अवलक्षण नको. आणि जावई रुसून गेलेत. पोरीला तिकडे बोलणी खावी लागतील. मान त्यांना द्या. त्यांच्या हातून मोडली की दोन्ही गोष्टी साधतात."

अण्णा वाद घालू शकले असते. बाहेर असते तर घातलाच असता. पण मोहनमाळ आत्याची होती आणि पोट इंदूबाईंचं होतं. ते तणतणत मागच्या पडवीत गेले आणि हात धुऊन आले. संध्याकाळी बघतात तर सायकलीला हळदकुंकू लागलेलं, झेंडूचा हार घातलेला, आणि ती देवघराशेजारी कोनाड्यात मिटून बसलेली. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, अशी म्हण आहे. इथे घोडं स्वतः विकत आणलं होतं आणि त्याच्यावर बसायची चोरी होती.

खालापूरला निरोप गेला. उत्तर आलं, की आम्हाला सवड नाही, मान द्यायचाच असेल तर इथे आणून द्यावा, आणि अमावास्येच्या आत द्यावा. त्याच दिवशी मुंबईहून लस आली. कुंभिवलीला अण्णांनी आधीच कळवून ठेवलं होतं, की लस येताच दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं गाव तुमचं. आणि दुसऱ्याच दिवशी अमावास्या लागत होती.

सकाळी अण्णा गाडीत बसले. सायकल बाकाखाली व्यवस्थित सरकली, आणि पळसदरी मागे पडेपर्यंत त्यांना तेवढं तरी समाधान होतं. खोपोलीला उतरून त्यांनी ती पाठीवर घेतली, हातात ओल्या फडक्यातला डबा घेतला, आणि सडकेने चालू लागले. सडक सपाट, स्वच्छ, सायकलसाठीच कोणी लिंपून ठेवावी तशी. बैलगाडीवाले वळून बघत होते. एकाने विचारलंच, "दादा, ती तुमाला न्यायची का तुमी तिला?"

मग फाटा आला. एक वाट कुंभिवलीकडे जात होती आणि सडक सरळ खालापूरला. पायी आधी कुंभिवली केली असती, तर खालापूरला पोहोचेपर्यंत अमावास्या लागली असती. अण्णा करंजाच्या सावलीत थांबले. सायकल खाली ठेवली. त्यांना सगळं स्पष्ट दिसत होतं. सायकल इथेच उघडावी, कुंभिवलीला जावं, ठमीला टोचावं, परत येऊन घडी घालावी, आणि हार नीट करून जावयापुढे ठेवावी. सडकेवर चिटपाखरू नव्हतं. दूर एक म्हैस डबक्यात बसली होती आणि तिला कशातच रस नव्हता.

त्यांनी खिट्टीवर बोटं ठेवली. हाराचं एक झेंडूचं फूल त्यांच्या मनगटाला लागलं. त्यांना इंदूबाई भिंतीला टेकलेल्या दिसल्या, आणि वडिलांची ती शाल दिसली, जी अजून कपाटात होती आणि जिला घरात कोणी हात लावत नसे. सगळा मूर्खपणा आहे, असं ते स्वतःशी म्हणाले. शुद्ध अडाणीपणा. आणि त्यांनी बोटं काढून घेतली. मग आपल्याच मनाला समजावलं, की खालापूर काही लांब नाही, मान देऊन लगेच निघू, येताना सायकलवर येऊ, गेलेला वेळ भरून निघेल. मनाला समजावता येत नाही असं काही नसतं. त्यांनी सायकल पुन्हा पाठीवर घेतली आणि सडक धरली.

खालापूरला त्रिंबकराव अंघोळीला बसले होते. अंघोळ आटोपून पूजेला बसले. अण्णा ओटीवर घाम पुसत उभे राहिले. सुनीती बाहेर आली तेव्हा त्यांनी डबा पुढे केला. "हा तेवढा माठांपाशी गारव्याला ठेव."

सुनीतीने पदर नाकाला लावला. "वासराचा पू माझ्या पिण्याच्या पाण्याशी ठेवू? दादा, तुला काही वाटतं का? शी. बाहेरच राहू दे तो."

"पू नाही तो. लस आहे."

"यांना कळलं तर मला घरात घेणार नाहीत," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत खरोखरच भीती होती. अण्णांनी डबा ओटीच्या कठड्यावर सावलीत ठेवला आणि फडक्यावर तांब्यातलं उरलेलं पाणी ओतलं.

पूजा झाली. जेवल्याशिवाय मान कसा घ्यायचा, म्हणून जेवणं झाली. त्रिंबकराव कोपरापर्यंत ओघळ येईस्तोवर कढी ओरपत होते आणि सांगत होते, की खाकी सायकल घेऊन टिपणिसांनी कशी घराण्याची शोभा केली. अण्णा मान फिरवून जेवत होते. जेवण झालं, ढेकर झाली, पान झालं. "अण्णा, जरा लवंडतो," ते म्हणाले.

"मला कुंभिवलीला जायचंय. माणसं सकाळपासून बसली असतील."

"बसतील की. त्यांना काय कोर्टाची तारीख आहे? आणि अमावास्या लागायला वेळ आहे अजून. पंचांग आम्हीही वाचतो."

त्रिंबकराव लवंडले. घोरू लागले. अण्णा ओटीवर झोपाळ्यावर बसून त्या घोरण्याला शिव्या देत राहिले. शिव्या देण्यात ते इतके गुंग होते, की ऊन फिरून कठड्यावर आलं हे त्यांना दिसलं नाही. दिसलं तेव्हा फडकं वाळलेलं होतं. ते धावत गेले, डबा उचलला, तो हाताला चांगलाच गरम लागला.

अखेर त्रिंबकराव उठले. सुनीतीने सायकलला आणि नवऱ्याला ओवाळलं. शेजारपाजारचे जमले. त्रिंबकरावांनी खिट्टी फिरवली, सायकल उघडली, आणि लोकांनी वाहवा केली. ते धोतर सावरून वर चढू लागले.

"खिट्टी आवळायची राहिलीय," अण्णा म्हणाले.

"आम्हाला शिकवू नका."

अण्णांनी पुन्हा सांगितलं नाही. त्रिंबकराव बसले, कोणीतरी मागून ढकललं, चाकं चार हात गेली, आणि सायकल मधोमध मिटली. घडी मोडायला बसलेले जावई घडीत सापडले. पगडी गटाराकडे गेली आणि धोतर बिजागरीत अडकलं. लोक हसू आवरत पुढे धावले. त्रिंबकरावांनी उठून सायकलला लाथ घातली, मग पाय धरून खाली बसले, आणि असली भंगार वस्तू मानाच्या नावाखाली दिल्याबद्दल टिपणिसांच्या सात पिढ्या काढू लागले. ज्या रुसव्यासाठी हे सगळं केलं, तो आता दुप्पट झाला होता.

अण्णांनी सायकल उभी केली. तिला काहीही झालं नव्हतं. त्यांनी खिट्टी आवळली, हार तोडून टाकला, डबा पुढे बांधला आणि निघाले.

सायकल सुरेख होती. चढावर दमली नाही, उतारावर डगमगली नाही. सकाळी जी सडक पाय ओढत कापली होती, ती बघता बघता मागे गेली. नदी आली तेव्हा अण्णांनी सायकल मिटवली, पाठीवर घेतली आणि दोन्ही हातांनी डबा डोक्यावर धरून पाणी ओलांडलं. फलाटावर ठरवलं होतं अगदी तसंच सगळं झालं. निवड अचूक होती. दिलेल्या मोलाचं तिने चीज केलं असतं, सकाळीच उघडली असती तर.

कुंभिवलीच्या पारावर उन्हं कलली होती. सकाळी बघायला सगळा गाव जमला होता म्हणे, आता कोणी नव्हतं. एकटा धाकलू बसला होता आणि त्याच्या मांडीवर ठमी झोपली होती. तिचा दंड पहाटे राखेने घासून धुतलेला होता, हे कळत होतं, कारण बाकीचा हात धुळीने भरला होता आणि तेवढाच भाग त्यातल्या त्यात स्वच्छ होता. धाकलूने दिवसभर त्यावर माशी बसू दिली नसावी.

"हीच का ती?" धाकलू सायकलीकडे बघून म्हणाला. "झ्याक हाय. वाऱ्यावानी आली. मंग सकाळच्याला का नाय आलात?"

अण्णांनी डबा उघडला. नळ्या जागच्या जागी होत्या, कालच्याइतक्याच स्वच्छ. टोचलं असतं तर धाकलूला काही कळलं नसतं, आठवडाभर तरी. गाडी चुकली असं सांगितलं असतं तर त्याने तेही मानलं असतं. अण्णांनी डबा बंद केला.

"आज टोचत नाही, धाकलू. लस तापली. नवी मागवतो."

"तापली कशानं? पायगाडी व्हती नं?"

अण्णा पारावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. आत्या, घडी, जावई, सगळं. सांगताना त्यांचा आवाज चढत गेला. कसली ही माणसं, कसल्या त्यांच्या समजुती, असं ते म्हणाले. धाकलू मान हलवत ऐकत होता.

"मानाचं हाय त्ये," तो म्हणाला. "आमच्यात बी नव्या लुगड्याची घडी दुसरीला मोडाय देत्यात." अण्णांना क्षणभर बरं वाटलं. मग धाकलू म्हणाला, "पन अन्नासाहेब, फाट्यावर आलात तवा ती तुमच्याच पाठीवर व्हती."

"हो."

"सडक रिकामी व्हती?"

"हो."

"मंग तितंच उघडायची. हितं येऊन पोरीला टोचायचं, आन मागनं नेऊन द्यायची जावयाला, पुना मिटून." धाकलूने मान वळवून पारापासून नदीपर्यंतचा माळ एकदा चहूकडे बघितला, मागल्या वर्षी बघितला होता तसाच. "कोन बघत व्हतं?"

त्याने टोमणा मारला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. अण्णा डब्यावरचं फडकं पुन्हा गुंडाळू लागले. तेव्हा त्याने झोपलेल्या ठमीला खांद्यावर घेतलं, तिचा तो धुतलेला दंड आपल्या उपरण्याने झाकला, आणि घराकडे चालू लागला. गावात कोणीतरी त्याला हाक मारून विचारलं, टोचलं का रं? तो काय बोलला ते ऐकू आलं नाही.

अण्णांना किळस आली. ते पारावरून उठले आणि सवयीने दोन पावलं मागे सरले. समोर मात्र कोणीच नव्हतं.